टिपणे घेणाऱ्यांचा इतिहास

भूमिती आणि टोपॉलॉजी या विषयांवर विद्यार्थी-संशोधकांसाठी कार्यशाळा होतात, तेव्हा पत्रिकेवर ठळक छापली जातात ती व्याख्यात्यांची नावे. समोर बसलेल्यांनी त्या व्याख्यानांचे पुढे काय केले, याची नोंद सहसा राहत नाही. मुंबईत एकेकाळी ती राहत असे. आपल्या आधुनिक गणिताचा इतिहास पाहताना मला तीच नोंद मोलाची वाटते.

होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९४९ साली के. चंद्रशेखरन आले. संस्था तेव्हा गेटवे ऑफ इंडियाजवळच्या जुन्या यॉट क्लबमध्ये होती. परदेशी गणितज्ञांना मुंबईत बोलावले जाई ते एखाद्या भाषणापुरते नव्हे, तर पायापासून चालू संशोधनापर्यंत नेणाऱ्या सलग व्याख्यानमालेसाठी. त्यांची टिपणे तरुण विद्यार्थ्यांनी लिहायची आणि संस्थेने छापायची, अशी पद्धत पडली. मुखपृष्ठावर व्याख्यात्याबरोबर टिपणे घेणाऱ्याचेही नाव असे.

१९५५ ची अशी एक वही पाहा. व्याख्याते फ्रान्सचे लोराँ श्वार्ट्‌झ, १९५० च्या फील्ड्स पदकाचे मानकरी. विषय कॉम्प्लेक्स मॅनिफोल्ड, म्हणजे भूमिती आणि टोपॉलॉजी जिथे एकमेकींना भेटतात तो प्रांत. टिपणे लिहिणारे एम. एस. नरसिंहन, वय जेमतेम तेवीस. हे काम लेखनिकाचे नव्हते. फळ्यावर ‘उघड आहे’ म्हणून सोडलेली पायरी लिहायला बसल्यावर उघड राहत नाही. ती स्वतः भरावी लागते, नाहीतर व्याख्यात्याला गाठून विचारावी लागते.

दहा वर्षांनी, १९६५ मध्ये, नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांचे प्रसिद्ध प्रमेय छापून आले. त्याचा गाभा असा. दोन किंवा अधिक भोके असलेला मेदूवडा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या पृष्ठभागावर दोऱ्याचे वेढे किती तऱ्हांनी घालता येतात, हा टोपॉलॉजीचा प्रश्न. त्याच पृष्ठभागावर ‘स्थिर सदिश गठ्ठे’ नावाच्या रचना किती प्रकारच्या असतात, हा भूमितीचा. प्रत्येक वेढ्याला विशिष्ट प्रकारचे फिरवणे जोडले, की एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्यात सापडते, हे या दोघांनी सिद्ध केले. १९८३ मध्ये सायमन डोनाल्डसन यांनी याच प्रमेयाची अगदी निराळ्या वाटेने नवी सिद्धता दिली.

याचे सारे श्रेय टिपणांच्या वह्यांना देणे अतिशयोक्ती ठरेल. दोघांची पॅरिसमधली वर्षेही त्यामागे आहेत. पण पॅरिसला जाण्याआधी परके गणित आपल्या हाताने लिहून काढण्याची सवय मुंबईत लागली होती, हे त्या वह्याच सांगतात.

आज व्याख्यानांचे चित्रण होते, ते घरबसल्या पाहताही येते. ही सोय मोठीच आहे. मात्र पाहिलेले गणित आणि लिहिलेले गणित यांत अंतर असते. कार्यशाळा भरवणाऱ्यांनी प्रत्येक व्याख्यानमालेची टिपणे एका विद्यार्थ्याकडे सोपवावीत, व्याख्यात्याकडून तपासून घ्यावीत आणि त्याच्या नावासह छापावीत. प्रशस्तिपत्रक फायलीत पडून राहते. अशी वही पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती जाते.