शिसेविरहित पेट्रोल आणि जुन्या मोटारी (बुलढाणा जिल्हा)

शिसेयुक्त पेट्रोलसाठी घडवलेले इंजिन शिसेविरहित पेट्रोलवर निर्धोक चालावे म्हणून त्याच्या सिलिंडर हेडमध्ये करावयाचे काम. चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल १ एप्रिल १९९५ पासून मिळू लागले, एम. सी. मेहता यांच्या जनहित याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांचा त्यामागे रेटा होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच विकले जाऊ लागले आणि मलकापूर, खामगाव, चिखलीच्या पंपांवरही दुसरा पर्याय उरला नाही.

शिशाचे संयुग पेट्रोलमध्ये घालण्याची प्रथा अमेरिकेत १९२३ साली सुरू झाली. हेतू इंजिनाची ठकठक थांबवण्याचा होता. एक फायदा मात्र आपसूक मिळाला : जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसे आणि लालबुंद तापलेला व्हॉल्व्ह सीटच्या लोखंडाला चिकटत नसे. थर गेला की व्हॉल्व्ह उघडताना सीटचे सूक्ष्म कण उपटून निघतात, सीट झिजते आणि व्हॉल्व्ह हेडमध्ये खोल जातो. त्यामुळे टॅपेटची फट कमी होते. टॅपेटचा आवाज बंद झाला म्हणून मालक खूश होतो. खरे तर हेच वाईट लक्षण. फट पूर्ण संपली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, कॉम्प्रेशन जाते, व्हॉल्व्हची कड जळते.

ही झीज सावकाश गावात फिरणाऱ्या गाडीला फारशी जाणवत नाही. ती वेग आणि ओझे यांवर अवलंबून असते, आणि बुलढाण्यात ओझ्याला तोटा नाही. शहर घाटमाथ्यावर, तर मलकापूर, नांदुरा, खामगाव खाली पूर्णेच्या खोऱ्यात. मलकापूरकडून येणाऱ्याला राजूर घाट, खामगावकडून येणाऱ्याला बोथ्याचा घाट. भरल्या गाडीने उन्हाळ्यात हे चढ चढताना एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कसोटी लागते.

तरीही जिल्ह्यातल्या बहुतेक वाहनांना हे काम लागूच नव्हते. काळ्यापिवळ्या जीपगाड्या डिझेलच्या. बजाज चेतक, राजदूत ही टू-स्ट्रोक वाहने. त्यांत असे व्हॉल्व्हच नसतात. मारुती ८०० आणि प्रीमियर पद्मिनी यांचे हेड अ‍ॅल्युमिनियमचे. अ‍ॅल्युमिनियमवर व्हॉल्व्ह आपटून चालत नाही, म्हणून त्यात सीटच्या कड्या मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. खरा प्रश्न जुन्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनाच्या अ‍ॅम्बॅसिडरचा : बिडाच्या हेडमध्येच कोरलेली सीट. सरकारी कचेऱ्यांबाहेर उभ्या असणाऱ्या पांढऱ्या गाड्यांत डिझेलच्याही पुष्कळ होत्या. त्या यातून सुटल्या.

काम मशीन शॉपचे आहे, रस्त्याकडेच्या गॅरेजचे नव्हे. हेड उतरवून एक्झॉस्टच्या जुन्या सीटच्या जागी गोल खाच कापतात आणि तीत कठीण मिश्रधातूची कडी बसवतात. कडी खाचेपेक्षा काही शतांश मिलिमीटर मोठी ठेवतात. सैल बसली तर चालत्या इंजिनात सुटते आणि पिस्टन फोडते. मग सीट कटिंग, नवा कठीण व्हॉल्व्ह, झिजला असल्यास नवा गाइड, शेवटी लॅपिंग. हेड उलटे ठेवून, व्हॉल्व्ह मिटवून खोलगट जागेत पेट्रोल ओतायचे. पोर्टमधून थेंब पाझरला तर पुन्हा घासायचे. चार एक्झॉस्ट सीट केल्या की पुरते. इनटेक व्हॉल्व्ह येणाऱ्या मिश्रणाने थंड राहतात, त्यांना हात लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

जुन्या शिशाचा थर काही काळ टिकतो, म्हणून अनेक गाड्या काहीही न करता भंगारात जाईपर्यंत चालल्या. चालू गाडीचे हेड केवळ भीतीपोटी उघडू नये. दर सर्व्हिसला फीलर गेजने टॅपेटची फट मोजावी. एकाच एक्झॉस्टची फट वारंवार कमी भरू लागली, तरच हेड काढावे. एलपीजी किट बसवणाऱ्याने मात्र कड्या आधी घालून घ्याव्यात, कारण त्या कोरड्या इंधनावर सीट अधिक झिजतात. एलपीजीची नोंद नोंदणीपुस्तकात करून घ्यावी लागते. नुसत्या सीट बदलल्याने इंधन बदलत नाही, त्यामुळे आरटीओत जाण्याचे कारण नाही.

आता जुन्या गाडीला सीटपेक्षा मोठा त्रास इथेनॉलचा आहे. २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल देशात फेब्रुवारी २०२३ पासून येऊ लागले. ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरचे पॅकिंग खराब करते, शिवाय हवेतले पाणी ओढून घेते. महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीला गंज चढतो. हेड उघडणारच असाल, तर नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे त्याच खेपेला घालून घ्या.