जिल्ह्याची तिजोरी आणि जिल्ह्याचा हिशेब



आजचा विषय तसा रुक्ष. जिल्हा परिषद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लाल दिव्याची गाडी, सभापतिपदाची ओढाताण आणि रखडलेला रस्ता येतो. पण आपण प्रश्न थोडा मागून विचारू या. ही संस्था दुबळी जन्माला आली, की नंतर दुबळी झाली?

18 मे 1882 चा लॉर्ड रिपनचा ठराव आपल्याला ठाऊक आहे. स्थानिक संस्था म्हणजे लोकांचं राजकीय शिक्षण, अशी त्याची भूमिका होती. त्यातून लोकल बोर्डं आली. शेतसाऱ्यावरचा स्थानिक उपकर त्याआधीपासूनच होता. म्हणजे पैसा रयतेचा, पण बोर्डावर वर्चस्व बराच काळ कलेक्टरचं! शिक्षण द्यायचं ठरलं, पण खडू मास्तरांनी आपल्याच हातात ठेवला.

खरं वळण आलं ते 1960 नंतर. बळवंतराय मेहता समितीनं 1957 साली तालुक्याच्या, म्हणजे गटाच्या पातळीवर भर दिला होता. जिल्हा परिषदेचं काम देखरेखीचं, आणि अध्यक्ष जिल्हाधिकारी, अशी तिची शिफारस होती. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीनं 1961 साली वेगळी वाट धरली. जिल्हा परिषदच बळकट करायची, जिल्हाधिकाऱ्याला तिच्या बाहेर ठेवायचं, आमदार-खासदारांनाही बाहेर ठेवायचं, आणि प्रशासनासाठी स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी द्यायचा. 1 मे 1962 ला या जिल्हा परिषदा सुरू झाल्या.

याचा स्थानिक अर्थकारणाशी संबंध काय? सरळ आहे. प्राथमिक शाळा, ग्रामीण रस्ते, जनावरांचे दवाखाने, 100 हेक्टरपर्यंतचे पाझर तलाव आणि बंधारे ही सगळी कामं परिषदेकडे आली. दूध संघापर्यंत पोचायला रस्ता लागतो, गाय आजारी पडली तर डॉक्टर लागतो, आणि पतपेढीचा हिशेब लिहायला शिकलेला मुलगा लागतो. गावाची बाजारपेठ अशा साध्या गोष्टींवर उभी राहते.

मग बिघडलं कुठे? 1972 च्या दुष्काळातून रोजगार हमी योजना उभी राहिली. ती देशाला वाट दाखवणारी होती, पण तिची सूत्रं गेली जिल्हाधिकाऱ्याकडे. पुढे जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा आली, तीही वेगळी संस्था म्हणून. परिषद मोडली कुणीच नाही; तिला वळसा घातला गेला. हाती उरला तुटपुंजा सेस फंड. बाकीचा पैसा वरून येतो, तो कुठल्या लेखाशीर्षावर खर्च करायचा हे आधीच ठरवून.

आता तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी म्हणून आम्हाला एका क्रियापदाकडे लक्ष वेधायचं आहे. 1993 साली 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली. आर्थिक विकास आणि सामाजिक न्याय यांचं नियोजन पंचायतींनी करावं, असं कलम 243-छ सांगतं. पण अधिकार देण्याबाबत भाषा काय? राज्य ते देऊ ‘शकेल’. निवडणुकीबाबत मात्र ती मुदत संपण्याआधी झालीच पाहिजे, अशी सक्तीची भाषा आहे. आणि तरीही 2022 नंतर आपल्याकडच्या बहुतेक जिल्हा परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले! सक्तीची ही गत, तर ‘शकेल’ची काय असणार? जिल्हा नियोजन समितीत चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांमधून निवडलेले असतात. पण अध्यक्षस्थानी पालकमंत्री.

कुणी म्हणेल, तिथे गटबाजी आहे, टक्केवारी आहे, अधिकार देऊन काय होणार? आक्षेप खोटा नाही. पण ज्याच्या हाती निर्णय नाही त्याला जाब तरी कशाचा विचारायचा? ‘वरून निधी आला नाही’ एवढं एकच उत्तर त्याला कायम पुरतं. मग सदस्य निधी आणणारा मध्यस्थ होतो, आणि मतदार अर्जदार होतो. उत्तरदायित्व ही अधिकाराची पूर्वअट म्हणून मागितली, तर ते कधीच येणार नाही. ती दोन्ही एकत्रच वाढतात.

म्हणून सुधारणेचा क्रम आमच्या मते असा: निवडणूक वेळेवर, उत्पन्नाचा खात्रीचा स्वतःचा हिस्सा, आणि जिल्ह्याच्या आराखड्यावर जिल्ह्यातल्या निवडलेल्यांचा शेवटचा शब्द. यात नवीन असं फारसं काही नाही. 1962 साली आपण त्याच्या पुष्कळ जवळ गेलो होतो.