हे कोण म्हणतं?

(रेडिओवरील भाषण)

आज इतिहासाची गोष्ट सांगायची आहे, पण ती आपल्या हातातल्या मोबाइलपर्यंत येणार आहे. आता घरटी चार-पाच ग्रुप असतात. बचत गटाचा, शाळेचा, भावकीचा, हळदीच्या भावाचा. त्यात दिवसभर काही ना काही येतं. ते कोणी म्हटलं, खरं की खोटं, आणि त्यातून काही वाईट घडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न मोबाइलबरोबर आला असं आपल्याला वाटतं. पण तो पुष्कळ जुना आहे.

आपल्याच नर्सीपासून सुरुवात करू. नामदेव महाराज अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालत. त्याला नाममुद्रा म्हणतात. हे मी म्हणतो आहे, याला मी जबाबदार आहे, असा त्याचा अर्थ. त्यांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईनेही तेच केलं. दळणकांडण करणाऱ्या बाईने सातशे वर्षांपूर्वी आपल्या शब्दांवर आपलं नाव ठेवलं, म्हणून आज ती आपल्याला माहीत आहे. पुढे सोळाव्या शतकात विष्णुदास नामा नावाचे दुसरे कवी झाले. त्यांचीही खूण ‘नामा’च. दोघांच्या रचना एकमेकांत मिसळल्या आणि कोणती कोणाची हे वेगळं करता करता अभ्यासकांची दमछाक झाली. यात लबाडी नव्हती. पण एका नावाखाली दोघांचं बोलणं गेलं की केवढा गुंता होतो, हे त्यातून दिसतं.

औंढ्याची कथा तर तुम्ही कीर्तनात ऐकली असेल. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाका थापटणं घेऊन एकेकाचं डोकं ठोकून बघतात, आणि नामदेवाचं मडकं कच्चं निघालं असं भर सभेत सांगतात. नामदेव रागावतात, दुखावतात, आणि शेवटी औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जातात. मला या कथेत एक गोष्ट फार आवडते. एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर सांगितलं, पण मेळ्यातून काढलं नाही.

आता एकदम १८८२ सालात येऊ, आपल्या शेजारच्या बुलढाण्याला. तिथे ताराबाई शिंदे राहायच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. त्याआधीच्या वर्षी सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला, जन्मलेलं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली होती. ती पुढे कमी झाली. पण त्या खटल्यावरून ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्राने सगळ्या बाईजातीवरच चिखल उडवला. बायका अशाच, विधवा तशाच. त्या काळी छापखाना पुरुषांचा, संपादक पुरुष, वाचणारेही बहुतेक पुरुष. बाईबद्दल काहीही छापलं तरी उत्तर द्यायला बाई तिथे नव्हतीच.

ताराबाईंनी उत्तर दिलं, तेही पुस्तक लिहून. ‘स्त्री-पुरुष तुलना’ त्याचं नाव. पुण्यात श्री शिवाजी छापखान्यात पाचशे प्रती छापल्या, किंमत नऊ आणे. आणि वर नाव स्वतःचं. ‘एक अबला’, ‘एक भगिनी’ असा आडपडदा ठेवला असता तर त्यांना कोणी दोष दिला नसता. पण बाईवर जे जे दोष लादले जातात ते पुरुषात किती आहेत, हे त्यांनी एकेक करून, रोखठोक भाषेत आणि आपल्या नावानिशी मांडलं.

त्याची किंमतही मोजली. टीका झाली, टिंगल झाली. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून ताराबाईंची बाजू घेतली. पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक काही आलं नाही. हे पुस्तकसुद्धा लोक विसरून गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापलं, तेव्हा कुठे महाराष्ट्राला कळलं की अशी एक बाई होऊन गेली. मधली नव्वद वर्षं गेली ती गेलीच. नाव सांगून बोलणाऱ्या बाईभोवती चार जण उभे राहिले नाहीत तर ती गप्प होते. आजच्या ग्रुपमध्येही मला हेच दिसतं. एखादी ताई रेशनबद्दल, दारूबंदीबद्दल काही लिहिते, कोणीतरी घाणेरडा टोमणा मारतो, बाकी सत्तर जण वाचतात आणि गप्प राहतात. पुढच्या वेळी ती लिहीत नाही.

आता २०१८. हे सांगणं जड जातं, पण सांगायला हवं. त्या वर्षी मे-जूनपासून मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होते. त्यातला एक व्हिडिओ तर पाकिस्तानातल्या कराचीचा होता. मोटारसायकलवरचे दोघे रस्त्यावरून पोराला उचलून नेतात, असं त्यात दिसतं. मूळ व्हिडिओ लोकांनी मुलांकडे लक्ष द्यावं म्हणून केलेला. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि तसा फलक दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापला आणि उरलेला खरा म्हणून पुढे पाठवला. कापणाऱ्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. पण पुढे पाठवणाऱ्यांची नावं आपल्याला ठाऊक होती. आत्या, भाचा, शेजारी, मास्तर. ओळखीच्या माणसाकडून आलं म्हणून ते खरं वाटलं.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा गाव, आठवडी बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं तिथे आली होती. पिढ्यानपिढ्या गावोगाव फिरून भिक्षा मागणारा हा समाज. ते एका लहान मुलीशी बोलताना दिसले आणि पोरं पळवणारे आले, अशी ओरड झाली. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मारलं. पाच जण जागीच गेले. सोलापूरकडच्या मंगळवेढा भागात त्यांच्या बायकापोरांना ही बातमी कळली असेल, तेव्हाचा विचार करवत नाही.

आपल्या हिंगोली, सेनगाव, कळमनुरीच्या खेड्यांतही असे फिरते लोक दारी येतात. आपली आजी त्यांना नावाने ओळखायची, सुपातून जोंधळे घालायची. ओळखीच्या जागी निरोप आला की काय होतं, ते राईनपाड्याला दिसलं.

त्यानंतर सरकारने कंपनीला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीने दुसऱ्याकडून आलेल्या निरोपावर ‘फॉरवर्डेड’ ही खूण दिसेल असं केलं, आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पाठवता येईल अशी मर्यादा घातली. २०२० मध्ये तर फार फिरलेला निरोप एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं. तुमच्या फोनवर दोन बाण दिसतात ना, ते त्याचंच चिन्ह. पण निरोप खरा की खोटा, हे कंपनी बघत नाही. २०१६ पासून निरोप कुलूपबंद जातात, पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणी ते वाचू शकत नाही. म्हणजे पोस्टमन पत्र उघडत नाही. हे आपल्या खाजगीपणासाठी चांगलंच आहे, पण मग राखण आपल्यालाच करावी लागते.

राखण कोणी करायची? गटाच्या सचिव ताई लगेच म्हणतील, ‘ॲडमिन मी आहे, पोलीस मलाच धरतील.’ ही भीती खेड्यापाड्यांत फार आहे. हा प्रश्न आपल्या मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला होता. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातलं. एका ग्रुपमध्ये एका सदस्याने ग्रुपमधल्याच बाईबद्दल घाण भाषा वापरली. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदला. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला. न्यायालयाचं म्हणणं असं: ॲडमिन सदस्य घेऊ शकतो, काढू शकतो, पण कोण काय लिहील हे त्याला आधी कळत नाही आणि थांबवताही येत नाही. दोघांचा आधीपासून तसा बेत असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर जो लिहितो तोच जबाबदार.

कायद्याने हे बरोबरच आहे, असं माझं मत. दुसऱ्याच्या तोंडासाठी तिसऱ्याला तुरुंगात घालू लागलो तर कोणी ग्रुपच चालवणार नाही. कायद्याचा अतिरेकही आपण पाहिला आहे. २०१२ मध्ये पालघरला बंदबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका मुलीला अटक झाली, आणि ते आवडलं असा नुसता अंगठा दाबला म्हणून तिच्या मैत्रिणीलाही. ज्या ६६-अ कलमाचा तेव्हा एवढा धाक होता, ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्दच केलं.

पण मला त्या गोंदियाच्या बाईचाही विचार येतो. ॲडमिन सुटला ते ठीक. ग्रुपमधल्या इतरांनी काय केलं? आणि एक गोष्ट त्यानंतर बदलली आहे. २०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा निरोप सगळ्यांच्या फोनवरून पुसता येतो. अधिकार वाढला म्हणून कोणी गुन्हेगार होत नाही, पण ‘माझ्या हातात काही नव्हतं’ असं आता म्हणता येणार नाही.

खरं तर गट चालवणाऱ्या बाईला हे शिकवायची गरज नाही. आपल्या बैठकीत कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहिलं जातं, खाली सह्या होतात, अंगठे उठतात. कर्ज कोणाला, हप्ता किती, ठरावाशिवाय काही होत नाही. मग फोनवरच्या ग्रुपला एकही ठराव का नसावा? पुढच्या बैठकीत अर्धा तास काढा. ॲडमिन एक नको, दोघी ठेवा. गटाबाहेरचा माणूस घ्यायचा की नाही, ते ठरवा. मुलं पळवण्याचे, लसीचे, जातीधर्माचे निरोप आले तर पाठवणारीने आधी सांगायचं की हे तिला कोणाकडून कळलं. सांगता आलं नाही तर काढायचं. आणि कोणी चुकली तर गोरोबांसारखं तोंडावर सांगा, लगेच हाकलू नका.

ओळखीचंही बोलायला हवं. पुष्कळ घरांत सिम नवऱ्याच्या नावावर, फोटोच्या जागी देव नाहीतर गुलाबाचं फूल, आणि गटाचा निरोप नवरा आधी वाचतो. बाईने स्वतःचा फोटो लावावाच असं मी म्हणणार नाही. फोटोचा गैरवापर होतो, भीती खोटी नाही. पण गटाच्या ग्रुपमध्ये निदान आपलं नाव असावं आणि आपल्या नावाने आपणच लिहावं. पुण्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. ओवी तर कोणा एकीची नसते. तरीही त्यांनी प्रत्येक ओवीपुढे गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून ठेवलं.

आणि कधी नाव लपवणंच योग्य असतं. कोणी तुमचा किंवा तुमच्या मुलीचा घाणेरडा फोटो फिरवला, खोटा बनवून टाकला, तर आधी पडद्याचा फोटो काढून ठेवा, मग पुसा. आधी पुसलं तर पुरावा जातो. फेब्रुवारी २०२१ च्या नियमांनी कंपन्यांना असे फोटो तक्रारीनंतर २४ तासांत हटवायला सांगितलं, आणि ही तक्रार त्या बाईच्या वतीने दुसरं कोणीही करू शकतं. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर बायका-मुलांबद्दलच्या अशा गुन्ह्यांची तक्रार आपलं नाव न देताही नोंदवता येते. गावात कोणाला कळेल या भीतीने एखादी मुलगी घरात कोंडून बसली असेल, तर एवढं तिच्या कानावर घाला.