हजेरी

मी हजेरीची सॉफ्टवेअर लिहितो. नागापूरच्या एमआयडीसीत शिफ्ट सुरू होताना कामगार गेटवरच्या यंत्रावर बोट टेकवतो, हिरवा दिवा लागतो आणि त्याची वेळ नोंदली जाते. त्या हिरव्या दिव्यामागे जो प्रोग्रॅम असतो तसले प्रोग्रॅम लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. शिक्षण इंजिनिअरिंगचं, घर नागापुरातच, मनमाड रस्त्यापासून थोडं आत. इतिहास हा माझा विषय नव्हता. तो विषय झाला एका फोनमुळे.

फोन नाशिकहून होता. कॉलेजात चार वर्षं माझ्याबरोबर एका खोलीत राहिलेला मित्र एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक झाला होता आणि त्र्यंबक रस्त्यावरच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घेत होता. आता नोकरीत आहे, म्हणून नाव लिहू नको असं त्याने सांगितलंय. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. सुरुवातीचे विषय ठरलेले असत. पहाटे उठणं, पीटी, पायाला आलेले फोड, आणि उस्ताद. कवायत शिकवणाऱ्याला तिथे उस्ताद म्हणतात. रँकने तो कॅडेटपेक्षा खालचा असू शकतो, पण मैदानावर त्याचा शब्द शेवटचा. 'सावधान', 'विश्राम', 'दाहिने मुड', 'थम' या हिंदी आज्ञा म्हणे झोपेतही ऐकू येतात. "डिग्री, क्लासेस, रँक, सगळं गेटवर ठेवून आत जायचं," तो म्हणाला होता. "पहिल्या महिन्यात उरतो तो फक्त डावा पाय आणि उजवा पाय."

त्या रविवारी मात्र तो वेगळंच बोलला. "आज ठसे घ्यायला शिकवले. पाटीवर शाई पसरायची, रोलर फिरवायचा, मग समोरच्याचं बोट धरून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचं. दहाच्या दहा बोटं. समोरच्याने हात सैल सोडायचा असतो. आम्ही एकमेकांचेच घेत होतो." मग थोडा थांबून म्हणाला, "माझ्या आजाचे असेच घेतले असतील, नाही का?"

मित्र कैकाडी समाजाचा. चार वर्षं एका खोलीत राहूनही याबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो. म्हणजे त्याने काढलं नाही आणि मी विचारलं नाही. मी विचारलं नाही याला मी तेव्हा मोठेपणा समजत होतो.

त्याचा आजा लहानपणी सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये होता. 'सेटलमेंट' हा शब्द सोलापुरात अजून वस्तीचं नाव म्हणून टिकून आहे. मूळ अर्थ मात्र तारांच्या कुंपणातली वसाहत असा होता. १८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो देशभर लावता येऊ लागला आणि १९२४ मध्ये त्याची पुन्हा एकत्र मांडणी झाली. कायद्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जमातीत जन्मणं हेच नोंदीला पुरेसं. नोंद झालेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गावाबाहेर जायचं तर परवाना घ्यायचा. १९११ च्या कायद्याने त्यांच्या बोटांचे ठसे केव्हाही घेण्याची मुभा अधिकाऱ्यांना दिली. मुंबई इलाख्यात अशा जमातींसाठी वसाहती झाल्या, त्यांत सोलापूरची मोठी. तिथल्या माणसांना गिरण्यांत कामाला लावलं जाई. काही काळ तिची व्यवस्था अमेरिकन मराठी मिशनकडे होती. म्हणजे आमच्या नगरमध्ये १८३१ पासून शाळा चालवणारं मिशन तेच.

ठशांचं शास्त्रही आपल्याच देशात पोलिसी कामाला जुंपलं गेलं. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली. वर्गीकरणाला नाव मिळालं ते एडवर्ड हेन्री या साहेबाचं. त्यातली आकडेमोड बरीचशी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी अधिकाऱ्यांनी केली होती. आपल्याकडे बाळाच्या बोटांवरचे शंख आणि चक्रं मोजून भाग्य सांगायची रीत आहे. या पद्धतीत तेच शंख-चक्र मोजून कागद कोणत्या कप्प्यात ठेवायचा ते ठरतं. मी लिहितो त्या प्रोग्रॅमचा हा पणजोबा. कॉलेजात हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

त्या फोननंतर मी अकादमीचा इतिहास शोधू लागलो. ती संस्था ज्या अहवालातून जन्मली तो पोलिसांची तारीफ करणारा नव्हता. १९०२-०३ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग बसला. त्याचा निष्कर्ष असा की पोलीस दल अकार्यक्षम आहे, त्याला शिक्षण नाही, त्यावर देखरेख नाही आणि लोक त्याला भ्रष्ट व जुलमी मानतात. उपाय म्हणून आयोगाने सुचवलं की सुशिक्षित तरुणांना थेट उपनिरीक्षक म्हणून घ्यावं आणि प्रत्येक प्रांतात त्यांच्यासाठी प्रशिक्षण शाळा काढावी. मुंबई इलाख्याची शाळा १९०६ मध्ये पुण्याजवळ भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, सुरू झाली आणि १९०९ मध्ये नाशिकला हलली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नव्या फौजदारांनी पहिले धडे घेतले ते अशा शहरात.

आता या तारखांच्या शेजारी आणखी एक तारीख. १९०८ साली मुंबई इलाख्याचे पोलीस महानिरीक्षक एम. केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर इंग्रजीत एक पुस्तक लिहिलं. पोलीस अधिकाऱ्यांच्या उपयोगासाठी. त्यात एकेका जमातीवर प्रकरण आहे: बेरड, भिल्ल, रामोशी, पारधी, कैकाडी. माणसं दिसतात कशी, बोलतात काय, गुन्हा कसा करतात, चोरीचा माल कुठे लपवतात, अशा क्रमाने सगळं येतं. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पानं, फुलं, फळं यांची वर्णनं येतात, तसं. म्हणजे आपल्या इलाख्यात फौजदार घडवायची शाळा आणि फौजदाराने कुणाकडे संशयाने पाहावं हे सांगणारं पुस्तक, दोन्ही दोन-तीन वर्षांच्या अंतराने आली.

पुस्तकाची स्कॅन केलेली प्रत मला सापडली. कैकाड्यांचं प्रकरण वाचलं आणि ते मित्राला पाठवावं की नाही यावर दोन दिवस घालवले. शेवटी पाठवलं. त्याचं उत्तर रात्री आलं: "वाचलं. टोपल्या विणतात हे बरोबर लिहिलंय."

त्याचे वडील खरंच टोपल्या विणत. पुढे ते नागापूर एमआयडीसीत हमालीला लागले आणि पोरगा शाळेत टिकला. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं आणि कैकाड्यांचं जगणं मराठी वाचकांच्या घरात पोचलं. आमच्याही कपाटात ते होतं. पण पुस्तक घरात असणं आणि माणूस घरात येणं यांत अंतर असतं. मित्र पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा आजीने त्याला आडनाव विचारलं आणि मग गाव विचारलं. तो गेल्यावर तिने कपाटाला कुलूप आहे का ते पाहिलं. मी पाहिलं की तिने पाहिलं. त्यावर आमच्या घरात कुणी काही बोललं नाही.

आजीचे सासरे, म्हणजे माझे पणजोबा, राहुरीकडच्या गावी पोलीस पाटील होते. घरात त्यांचा उल्लेख अभिमानाने होतो. पोलीस पाटलाचं पद १८६७ च्या मुंबई ग्राम पोलीस कायद्यातलं. गावात काय घडतं याची खबर ठाण्याला देणं हे त्याचं काम. गुन्हेगार जमाती कायद्याने गावच्या मुखत्याराचं आणि राखणदाराचं कर्तव्य आणखी स्पष्ट केलं होतं. नोंदलेला माणूस गैरहजर दिसला किंवा संशयास्पद अनोळखी माणसं गावात आली तर कळवायचं. पणजोबांच्या कर्तबगारीची एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलो. ओढ्याकाठी पालं पडली की ते स्वतः जाऊन माणसं मोजत आणि तिसऱ्या दिवसाच्या आत त्यांना पुढच्या गावाच्या हद्दीत घालवत. "गावात एक चोरी झाली नाही त्यांच्या काळात," असं या गोष्टीचं शेवटचं वाक्य असे. पालातल्या माणसांचं पुढे काय झालं हे गोष्टीत नसे. मीही कधी विचारलं नाही. मित्राची जात विचारली नाही आणि पणजोबांची गोष्टही उलटून पाहिली नाही. दोन्ही गप्पा राहण्यात सोय माझीच होती.

हे मी मित्राला फोनवर सांगितलं. सांगताना माझा आवाज गंभीर झाला असावा, कारण तो हसला. "अरे, तुझ्या पणजोबाने मोजलं, माझ्या आजाला मोजलं गेलं, आणि आता तू मशीन लावून सगळ्या एमआयडीसीला मोजतोस. सोड. उद्या लवकर पीटी आहे."

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या जमाती 'विमुक्त' झाल्या आणि तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांबाबतचा कायदा आला. तो जातीवर नव्हे तर माणसाला झालेल्या शिक्षांवर बेतलेला आहे, आणि हा फरक लहान नाही. मात्र कागदावरची जात गेली म्हणून ठाण्यातल्या माणसाच्या मनातलं प्रकरण पुसलं जातंच असं नाही.

अकादमीत मित्राला सर्वात जास्त विचार करायला लावला तो पुराव्याच्या कायद्याने. १८७२ च्या कायद्याचं कलम २५ सांगतं की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही. ही तरतूद त्याआधी १८६१ च्या फौजदारी संहितेत होती. मारहाण करून कबुली घेण्याची पद्धत किती पसरली आहे हे मद्रास इलाख्यातल्या १८५५ च्या चौकशीत सरकारला कळून चुकलं होतं. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, मुलांना जुने आणि नवे दोन्ही पाठ करावे लागले. भारतीय साक्ष्य अधिनियमात ही गोष्ट कलम २३ मध्ये आहे. आकडा बदलला, अविश्वास तोच राहिला.

"बघ ना," तो म्हणाला, "राज्य मला गणवेश देतं, पिस्तूल देतं, अटक करायचा अधिकार देतं. आणि त्याच वेळी लिहून ठेवतं, की याच्यासमोर माणूस जे कबूल करेल ते खरं धरू नका. वर्गात काही पोरांना याचा राग येतो. आपल्यावर भरवसा नाही म्हणतात. मला नाही येत. माझ्या आजाला असं एखादं कलम हवं होतं."

दीक्षांत संचलनाला मी गेलो. नागापूरहून पहाटे निघालो. राहुरी, कोल्हार, लोणी, संगमनेर, सिन्नर असा रस्ता. गाडीत त्याचे आईवडील मागे बसले होते. वडिलांनी नवा शर्ट घातला होता आणि पूर्ण प्रवासात खिडकीची काच खाली घेतली नाही, मळेल म्हणून. मैदानावर शेकडो पावलं एका ठेक्यात पडत होती. या संचलनात सर्वोत्कृष्ट कॅडेटला मानाची तलवार देतात. उत्कृष्ट महिला कॅडेटसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाचा चषक असतो. त्या आमच्या जिल्ह्यातल्या चौंडीच्या, आता जिल्ह्यालाच त्यांचं नाव आहे. मित्राला कोणतंही बक्षीस नव्हतं. तो रांगेत होता, आणि इतक्या लांबून कोणता तो हे ओळखू येत नव्हतं. त्याच्या आईने तीन वेळा वेगवेगळ्या पोराकडे बोट दाखवलं.

नंतर तो आमच्याकडे चालत आला, खांद्यावर दोन तारे. वडील उभे राहिले. उभे राहताना त्यांनी हात जोडले आणि मान थोडी खाली घातली. क्षणभरच. मग त्यांनाच कळलं आणि ते ओशाळून हसले. मित्राने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, तो बराच वेळ उठला नाही.

आता तो एका ग्रामीण ठाण्यात आहे. मागच्या महिन्यात फोन आला. रात्रगस्तीला यादीतल्या माणसांची घरं तपासायची असतात, सराईत म्हणून नोंद असलेला माणूस घरात आहे की नाही. गावाबाहेरच्या एका वस्तीत त्याने दार वाजवलं. आतून म्हातारीचा आवाज आला, "हाये साहेब, घरातच हाये." त्याने अजून कुणाचं नावही घेतलं नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. वहीत वेळ लिहिली. मावशी, झोपा म्हटलं. सकाळी त्या माणसाचा जुना कागद काढला, शेवटची शिक्षा कधीची आहे बघायला. बरीच जुनी आहे. नाव यादीतून काढायचा प्रस्ताव पाठवता येतो का ते विचारतोय."

"येईल का?"

"नियम आहेत. बघू."

फोन ठेवल्यावर मी कामाला बसलो. एका कारखान्याची तक्रार होती की यंत्र काही कामगारांची बोटं ओळखत नाही. हमाली करणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, यंत्राला त्या सापडत नाहीत, माणूस समोर उभा असून गैरहजर लागतो. पूर्वी अशा तक्रारीवर मी 'बोट पुसून पुन्हा लावा' असं उत्तर पाठवत असे. या वेळी मी सुपरवायझरला हजेरी हाताने लिहिण्याची सोय करून दिली आणि ज्यांचे खाडे असे चुकून पडले होते त्यांची यादी काढायला घेतली.