विचार वेगळा, साठा वेगळा

जुन्या पेढीवरचा मालक मुनिमाला एवढेच विचारी, ‘अमक्याकडे आपले येणे किती?’ ते कोणत्या वहीत, कोणत्या पानावर नोंदले आहे, याची चौकशी त्याला करावी लागत नसे. मुनिमाने वह्यांची मांडणी बदलली तरी मालकाचा प्रश्न तोच राही. व्यवहाराचा विचार एकाकडे आणि नोंदींची मांडणी दुसऱ्याकडे, ही विभागणी आपणांस सहज वाटते. संगणकाच्या जगात मात्र ती झगडून मिळवावी लागली.

१९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत चार्ल्स बॅकमन यांनी माहितीच्या साठ्याची एक व्यवस्था उभारली. तीत एक नोंद दुसरीशी दुव्यांनी जोडलेली असे, आणि हवी ती नोंद गाठण्यासाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास दुव्यामागून दुवा ओलांडीत जावे लागे. काम मोठे होते. पण वाट प्रोग्रॅममध्येच लिहिलेली असल्यामुळे साठ्याची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावा लागे. मुनिमाचे काम मालकाच्याच शिरावर आले होते म्हणा ना!

१९७० साली आयबीएमच्या सॅन होझे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड यांनी आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. माहिती यंत्रात कशी रचली आहे, हे जाणण्याच्या जबाबदारीतून ती वापरणाऱ्यास मुक्त केले पाहिजे, हे त्याचे सार. काय हवे ते माणसाने सांगावे; वाट यंत्राने शोधावी. १९७२ साली डेव्हिड पार्नास यांनी याला पूरक असा विचार मांडला: जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो प्रोग्रॅमच्या एकाच भागात झाकून ठेवावा.

हा उपदेश न पाळल्याची किंमत शतकाच्या अखेरीस कळली. जागा वाचविण्यासाठी जुन्या नोंदींत सालाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. ही साठ्याची सोय. पण तिचे ज्ञान असंख्य प्रोग्रॅममध्ये विखुरले होते. २००० साल जवळ येताच ते ओळीओळीने शोधावे लागले, आणि त्या कामी अनेक भारतीय अभियंते राबले. ते ज्ञान एकाच दाराआड असते, तर हा शोध पुष्कळच आटोपशीर झाला असता.

२००२ साली मार्टिन फाउलर यांनी आपल्या ग्रंथात व्यवहाराचे नियम आणि साठ्याशी होणारी देवघेव वेगळी राखण्याच्या रीती पद्धतशीर मांडल्या. तथापि, भिंत घातली की विवेक संपला, असे नव्हे. शंभर ऋणकोंचे येणे हवे असता जो मालक मुनिमाला शंभर वेळा हाक मारील, त्याची पेढी मंदच चालणार. त्याने यादी एकदाच मागावी. मुनिमाच्या वह्या उघडावयाच्या नाहीत, हे खरे; पण त्याला किती श्रम पडतात, याचे भान मालकाने ठेवलेच पाहिजे.