वैनगंगेचे दोन कांठ

नदीला सीमा करण्याची चाल फार जुनी आहे. राज्यकर्त्यांना आपल्या मुलखाची हद्द दाखविण्यास नदी सोयीची वाटे. कारण ती सर्वांना दिसते आणि तिच्यासाठीं दगड रोवावे लागत नाहींत. परंतु नदीच्या बाजूनें पाहिलें तर या व्यवस्थेंत मोठीच विसंगति आहे. दोन्ही कांठांचे ओढेनाले तिलाच येऊन मिळतात, दोन्हीकडील माती तिच्याच पात्रांत उतरते, आणि एका कांठावर केलेल्या कृत्याचें फळ दुसऱ्या कांठाला भोगावें लागतें. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्यांत ही विसंगति आणि ती दूर करण्यासाठीं चाललेला सामान्य माणसांचा उद्योग, या दोहोंचाहि इतिहास पाहावयास मिळतो.

वैनगंगा उगम पावते ती मध्य प्रदेशांतील शिवनी जिल्ह्यांत, मुंडारा गांवाजवळ. प्रथम उत्तरेकडे वळसा घेऊन ती पूर्वेकडे आणि नंतर दक्षिणेकडे वळते, बालाघाट जिल्हा ओलांडते आणि गोंदियाच्या सीमेवर येते. पुढें भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतून वाहत जाऊन ती वर्धेला मिळते आणि प्राणहिता या नांवानें गोदावरीस अर्पण होते. तिला गोंदियाच्या बाजूनें येऊन मिळणारी मुख्य नदी म्हणजे बाघ. ही चिचगडच्या डोंगरांत उगम पावून उत्तरेकडे वाहते आणि कांहीं अंतरापर्यंत गोंदिया व बालाघाट या दोन जिल्ह्यांची, म्हणजेच महाराष्ट्र व मध्य प्रदेश या दोन राज्यांची सीमा होते. गोंदियाहून बालाघाटास जाणारा प्रवासी रजेगांवजवळ बाघेचा पूल ओलांडतो, तेव्हां एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत गेल्याचें त्याला पाट्या वाचूनच कळतें. शेतें तींच, धानाच्या बांधी त्याच, आणि कानांवर पडणारी पोवारी बोलीहि तीच.

ही सीमा फार जुनी नाहीं. नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत हा सारा मुलूख एकाच राज्यांत होता. भोसल्यांचें राज्य खालसा झाल्यावर १८६१ सालीं मध्य प्रांताची स्थापना झाली, आणि १८६७ सालीं भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग घेऊन बालाघाट हा नवा जिल्हा करण्यांत आला. जिल्हे वेगळे झाले तरी कारभार नागपुरांतूनच चाले. विसाव्या शतकाच्या आरंभीं गोंदियाहून बालाघाटमार्गे जबलपूरकडे जाणारी अरुंद मापाची रेल्वे सुरू झाली, आणि दोन्ही बाजूंचा भात गोंदियाच्या गिरण्यांकडे येऊं लागला. खरी फारकत झाली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजीं. राज्यपुनर्रचनेंत विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला, बालाघाट मध्य प्रदेशांत राहिला. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झालें, आणि १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा निराळा काढण्यांत आला. अशा रीतीनें जी नदी एका घराच्या अंगणांतून वाहत होती, तीच दोन घरांमधील कुंपण झाली.

या प्रदेशाचें वैभव नदीइतकेंच तळ्यांचें आहे. कोहळी समाजानें पावसाचें पाणी अडवून येथें तलाव व बोड्या बांधल्या. नवेगांवबांधचा विस्तीर्ण जलाशय कोलू पाटील कोहळी यानें बांधला, असें परंपरा सांगते. उतारावरचें पाणी एका तलावांतून दुसऱ्यांत, त्यांतून बांधींत आणि शेवटीं नदींत, असा हा क्रम होता. तलावाची देखभाल मालगुजार करीत. गाळ काढणें, पाळ दुरुस्त करणें, पाण्याच्या पाळ्या लावणें हें गांवच्या रूढीनें चाले. ही रूढि सर्वांना सारखी न्याय्य होती असें म्हणतां येणार नाहीं. मालगुजारी गेली हें योग्यच झालें. परंतु १९५१ सालीं मालगुजारी नष्ट झाली तेव्हां तलाव सरकारकडे गेले आणि त्यांच्याभोंवतीं असलेली माणसांची बांधणी मात्र विसकटली. पूर्व विदर्भांतील असे हजारों तलाव आज ‘माजी मालगुजारी तलाव’ किंवा थोडक्यांत ‘मामा तलाव’ म्हणून ओळखले जातात. त्यांतील अनेक गाळानें भरले, कित्येकांत बेशरमीचें रान माजलें, आणि ज्या ढीवर समाजाचें पोट त्या पाण्यावर चाले, त्याची मासळी उणावली.

दोन राज्यांनीं या पाण्याचा विचार केला नाहीं असें नव्हे. सिरपूर, पुजारीटोला आणि कालीसरार येथील धरणें मिळून बाघ प्रकल्प झाला. तो आंतरराज्य प्रकल्प आहे आणि त्याचें पाणी दोन्ही राज्यांतील शेतांना मिळतें. गोदावरीच्या पाण्याचा वाद सोडविण्यासाठीं १९६९ सालीं नेमलेल्या बच्छावत न्यायाधिकरणानें १९८० सालीं अंतिम निवाडा दिला, आणि राज्याराज्यांतील करारांना त्यांत स्थान मिळालें. या साऱ्या व्यवहारांत पाणी मोजलें गेलें, तें सिंचनाच्या व विजेच्या मापानें. नदीकांठचीं झिलाणें, वाळूचे पट्टे, उथळ पाण्यांतील वनस्पति आणि त्यांवर जगणारे जीव यांना या हिशेबांत रकाना नव्हता. पाण्याचें नातें किती निकट आहे याची आठवण मात्र नदीच वेळोवेळीं करून देते. ऑगस्ट १९२० मधील नव्हे, तर अगदीं अलीकडच्या, ऑगस्ट २०२० च्या अखेरीस शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवर धरणांतून पाणी सोडावें लागलें, तेव्हां गोंदियापासून गडचिरोलीपर्यंत वैनगंगेच्या कांठच्या गांवांत पूर शिरला. वरच्या राज्यांतील दारें उघडलीं आणि खालच्या राज्यांतील उंबरे बुडाले.

या दोन कांठांना जोडणारा धागा ज्यांनीं शोधून काढला, त्यांना तो एका पक्ष्याच्या रूपानें सांपडला. सारस हा उडणाऱ्या पक्ष्यांत जगांतील सर्वांत उंच. उभा राहिला म्हणजे त्याची उंची पांच ते सहा फुटांपर्यंत भरते. अंग राखाडी, डोकें व मानेचा वरचा भाग लाल. सारसाची जोडी सामान्यतः जन्मभर टिकते. पावसाळ्यांत धानाच्या बांधींत किंवा उथळ तळ्यांत गवताकाड्यांचा मोठा ढीग रचून ती घरटें करते. अंडीं बहुधा दोन. तीं सुमारें महिनाभर उबवावीं लागतात, आणि नर व मादी आळीपाळीनें बसतात. पिलें लौकरच आईबापांमागें चालूं लागतात, परंतु त्यांना उडतां येण्यास आणखी सुमारें तीन महिने लागतात. म्हणजे रोवणीपासून कापणीपर्यंतचा जो शेतकऱ्याचा हंगाम, तोच सारसाच्या संसाराचाहि हंगाम. पाऊस ओसरल्यावर हींच कुटुंबें तलावांवर व नदीच्या उथळ पात्रांत उतरतात. बाघ आणि वैनगंगा त्यांना सीमा नाहींत. एका कांठावर चारा, दुसऱ्या कांठावर रात्रीचा मुक्काम, असा त्यांचा व्यवहार चालतो.

महाराष्ट्रांतून सारस जवळजवळ सर्वत्र नाहींसा झाला. या शतकाच्या प्रारंभीं गोंदिया जिल्ह्यांत उरलेले सारस हाताच्या बोटांवर मोजतां येतील इतके थोडे होते. अशा वेळीं गोंदियांतील कांहीं निसर्गप्रेमी तरुण एकत्र आले. त्यांच्या संस्थेचें नांव ‘सस्टेनिंग एन्व्हायर्नमेंट अँड वाइल्डलाइफ असेंब्लेज’. आद्याक्षरांवरून ती ‘सेवा’ म्हणून प्रसिद्ध आहे. परसवाडा, झिलमिली यांसारख्या तलावांवर त्यांनीं पहाटे जाऊन पाहणी केली. पुष्कळ घरटीं सरकारी रानांत नसून शेतकऱ्यांच्या खाजगी बांधींत आहेत, हें तेव्हां ठळकपणें पुढें आलें. राखीव जंगलाचा कायदा येथें अपुरा पडतो. घरट्यासाठीं कांहीं चौरस हात धान तुडविलें जातें, आणि ज्याचें तें धान आहे त्यानें मनांत आणलें तर एका काठीनें सारा प्रश्न मिटतो. म्हणून या मंडळींनीं शेतकऱ्यांच्या ओसरीवर जाऊन बसण्याचा मार्ग धरला. ज्याच्या बांधींत घरटें, तोच त्याचा राखणदार, अशी त्यांची पद्धति. ‘सारसमित्र’ हा शब्द या प्रदेशांत रूढ झाला तो यांतूनच. पुढें जिल्हा प्रशासनानेंहि सारस महोत्सव भरवून या कार्याला जाहीर प्रतिष्ठा दिली.

काम वाढलें तशी नदी आडवी आली. गोंदियांत मोजलेला सारस उद्यां बालाघाटांत दिसला तर तो दोनदां मोजला जाणार. आणि कोणीच न मोजला तर तो मेला असें समजलें जाणार. एका कांठाची गणना दुसऱ्या कांठाशिवाय अर्थहीन होते, ही साधी गोष्ट ध्यानांत येतांच दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवकांनीं व वनखात्याच्या लोकांनीं हातांत हात घातले. दरवर्षीं जूनमध्यें, पाऊस पडण्यापूर्वीं, जेव्हां पाणी थोड्याच ठिकाणीं उरतें आणि सारस त्या त्या ठिकाणीं गोळा होतात, तेव्हां गोंदिया, भंडारा व बालाघाट या जिल्ह्यांत गणना होते. पथकें सूर्योदयापूर्वीं मुक्कामाच्या जागा गांठतात आणि पक्षी उडण्याच्या आंत त्यांची नोंद करतात. या गणनांतून एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध झाली: बालाघाटांतील सारस गोंदियापेक्षां कांहींसे अधिकच आहेत. महाराष्ट्रानें आपल्या सीमेच्या आंत कितीहि काळजी घेतली, तरी मूळ कळपाचा मोठा भाग नदीपलीकडे आहे.

असा उद्योग अन्य देशांतहि झाला आहे. डॅन्यूब नदीवर धरणें बांधण्याचा करार हंगेरी व चेकोस्लोव्हाकिया यांनीं १९७७ सालीं केला. त्याविरुद्ध जानोस वार्गा या जीवशास्त्रज्ञाच्या पुढाकारानें १९८४ सालीं हंगेरींत ‘डॅन्यूब मंडळ’ उभें राहिलें, आणि शेजारच्या ऑस्ट्रियांतील निसर्गप्रेमींनींहि त्याला साथ दिली. १९८९ सालीं हंगेरीनें आपल्याकडील नाजमारोश येथील काम थांबविलें. तंटा हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि १९९७ सालीं त्यावर निकाल झाला. तेथें लढा सरकारांशीं होता आणि रस्त्यावर हजारों लोक उतरले. बाघेच्या कांठीं तसा गाजावाजा नाहीं. येथें शत्रु कोणी एक नाहीं. म्हणूनच काम अधिक कठीण आहे. पिकावर फवारलेलें विष, शेतावरून गेलेल्या विजेच्या तारा, पात्रांतून उपसलेली वाळू, आटलेला तलाव, चोरलेलीं अंडीं, अशीं अनेक कारणें थोडीथोडी मिळून एक पक्षी नाहींसा करतात.

या श्रमांना यश आलें काय, या प्रश्नाचें उत्तर प्रामाणिकपणें द्यावें लागेल. प्रारंभींच्या हाताच्या बोटांवरून गोंदियांतील संख्या २०२० च्या सुमारास चाळिसांच्या वर गेली, हें निःसंशय यश होय. परंतु त्यानंतर ती पुन्हां उतरूं लागली आणि २०२३ पर्यंत तिसांच्या जवळ आली. भंडाऱ्यांत तर मोजकेच पक्षी उरले. या ऱ्हासाच्या बातमीची मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें २०२१ सालीं आपण होऊन दखल घेतली. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं सारस संरक्षण समित्या नेमल्या गेल्या, तलावांची व विजेच्या तारांची चौकशी सुरू झाली. न्यायालयाचा हा हात मोलाचा आहे. पण त्याची सत्ता बाघेच्या पुलापर्यंतच चालते. पुलापलीकडे दुसरें उच्च न्यायालय, दुसरें वनखातें, दुसरें वीजमंडळ. दोन्ही कांठांवर सारख्या आस्थेनें फिरूं शकतात ते केवळ स्वयंसेवक आणि शेतकरी.

तलावांच्या बाबतींत असाच एक प्रयत्न अर्जुनी मोरगांवच्या बाजूस झाला आहे. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानें ढीवर स्त्रीपुरुषांना बरोबर घेऊन कित्येक तलावांतील बेशरम उपटून काढली आणि देशी पाणवनस्पति पुन्हां लावल्या. त्या वनस्पति कोणत्या, कोठें व कोणत्या ऋतूंत रुजतात, हें ज्ञान पुस्तकांतून नव्हे, तर ढीवरांच्या अनुभवांतून मिळालें. मासळी आणि पांखरें यांचें हित येथें एकच आहे, आणि ज्या तलावांचें पाणी शेवटीं वैनगंगेंतच उतरतें, त्यांची निगा म्हणजे नदीचीच निगा होय.

गोंदियाच्या या इतिहासावरून एक गोष्ट उघड होते. राज्यें नदीचें पाणी वांटून घेऊं शकतात, कारण पाणी मापतां येतें. नदीचें जीवन वांटतां येत नाहीं. तें दोघांनीं मिळून राखावें लागतें. सारसांची संख्या आज इतकी थोडी आहे कीं, एका जोडीचें घरटें टिकलें किंवा मोडलें तरी वर्षाच्या हिशेबांत फरक पडतो. तेव्हां येत्या पावसाळ्यांत बाघेच्या अल्याड किंवा पल्याड एखाद्या बांधींत सारसाची जोडी उतरली, तर त्या शेताचा धनी काय करतो यावर, आणि शेजारच्या राज्यांतील त्याचा सोयरा काय करतो यावर, पूर्व विदर्भांतील या पक्ष्याचें भवितव्य अवलंबून आहे.