पद कशाच्या बळावर मागायचे? डग्लस ते ट्रॉटर : अमेरिकेतला एक धडा



निवडणूक झाली की आपल्या वस्त्यांमध्ये एक चर्चा हमखास सुरू होते. महामंडळ कुणाला मिळणार, समितीवर कुणाची वर्णी लागणार, कुणाचा बायोडाटा मुंबईला पोहोचला. कालपर्यंत मोर्चात आमच्या शेजारी घोषणा देणारा कार्यकर्ता नेत्याच्या बंगल्याबाहेर शिफारसपत्र घेऊन उभा दिसतो. त्याला चमचा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण सत्तेच्या जागेवर आपला माणूस हवा, ही मागणी बाबासाहेबांचीच आहे. म्हणून पद मागावे की नाही हा वाद आम्हाला निरर्थक वाटतो. ते कशाच्या बळावर मागायचे, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजाने त्याची फार मोठी किंमत मोजली आहे.

तिथल्या केंद्र सरकारात, म्हणजे फेडरल सरकारात, वरच्या अनेक जागा परीक्षेने भरल्या जात नाहीत. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट मंजुरी देते. एकोणिसाव्या शतकात तर पोस्टमास्तरापासून जकात अधिकाऱ्यापर्यंत बहुतेक जागा जिंकलेल्या पक्षाच्या माणसांत वाटल्या जात. त्या मिळवण्यासाठी पत्रे, शिफारशी आणि खेटे चालत. १८८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडणारा माणूस असाच पद न मिळालेला इच्छुक होता. त्यानंतर १८८३ मध्ये परीक्षेचा कायदा आला, पण मोठ्या जागा राजकीयच राहिल्या.

या व्यवस्थेत कृष्णवर्णीयांचा वाटा रिपब्लिकन पक्षाकडून येई. गुलामगिरी संपवणारा लिंकनचा पक्ष म्हणून त्यांची मते तिकडे जात. मार्च १८७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांनी फ्रेडरिक डग्लस यांना राजधानी वॉशिंग्टनचे मार्शल नेमले. गुलाम म्हणून जन्मलेला माणूस राजधानीचा मार्शल झाला! समाजाला केवढा अभिमान वाटला असेल, याची कल्पना आपण करू शकतो. पण पुढच्याच महिन्यात काय झाले ते पाहा. दक्षिणेतल्या राज्यांत कृष्णवर्णीयांच्या मताधिकाराला ज्या केंद्रीय फौजेचा आधार होता, तिचा शेवटचा पाठिंबा याच हेज यांनी काढून घेतला. एका माणसाला खुर्ची मिळाली आणि लाखोंना मारेकऱ्यांच्या हवाली केले गेले.

खुद्द त्या खुर्चीचीही काटछाट झाली. व्हाइट हाऊसच्या समारंभात पाहुण्यांची ओळख करून देणे हे मार्शलचे रूढ काम होते. डग्लस यांच्या वेळी ते काढून घेतले गेले. त्यांनी पद सोडले नाही. पुढे ते राजधानीच्या दस्त नोंदणीचे प्रमुख झाले आणि १८८९ मध्ये हैतीत अमेरिकेचे राजदूत झाले. हैतीचे एक बंदर अमेरिकन नौदलाला हवे होते. ते मिळाले नाही तेव्हा तिथल्या वृत्तपत्रांनी खापर डग्लस यांच्यावर फोडले. १८९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. डग्लस यांना आम्ही लाचार म्हणणार नाही. नोंदणीचे पद सोडल्यावर १८८८ मध्ये, गुलामगिरीतून झालेली मुक्तता ही फसवणूक ठरली असे ते जाहीरपणे बोलले होते. पण एवढा मोठा माणूसही पद देणाऱ्याचे धोरण बदलू शकला नाही, हे मान्य करावे लागते.

हळूहळू काही जागा जणू कृष्णवर्णीयांसाठीच ठरून गेल्या. दस्त नोंदणी, हैती, लायबेरिया, खजिन्याचे रजिस्ट्रार. १८८१ मध्ये ब्लँच ब्रूस रजिस्ट्रार झाले आणि अमेरिकेच्या नोटांवर प्रथमच एका कृष्णवर्णीयाची सही छापली गेली. ही सही खिशात घेऊन फिरणारा समाज मात्र मतदार यादीतून गळत होता. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना करून त्यांचा मताधिकार मोडला आणि इतर राज्यांनी तोच कित्ता गिरवला. लुइझियानात १८९६ मध्ये सुमारे १,३०,००० कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ मध्ये ते दीड हजारही उरले नाहीत.

मत गेल्यावर पदाला आधार कशाचा? उरला तो फक्त वरच्याच्या मर्जीचा. त्या काळात बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या शिफारशीला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्याकडे वजन होते. तरीही चार्ल्सटन बंदरावर जकात प्रमुख म्हणून डॉ. विल्यम क्रम यांचे नाव आले तेव्हा सिनेटने ते दोन वर्षे रोखून धरले. मिसिसिपीतल्या इंडियानोला गावात मिनी कॉक्स या पोस्टमास्तर होत्या. गावातल्या गोऱ्यांनी त्यांच्यावर इतका दबाव आणला की १९०३ मध्ये रूझवेल्ट यांनी पोस्ट ऑफिसच बंद ठेवले. बाईंचा पगार चालू राहिला, पण त्या पुन्हा कामावर गेल्या नाहीत. पुढे तिथे गोरा पोस्टमास्तर आला. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी पहिल्याच भाषणात सुचवले की, जिथे गोऱ्यांचा विरोध आहे तिथे अशा नेमणुका करणे हिताचे नाही. डॉ. क्रम यांना पद सोडावे लागले.

मग काही नेत्यांनी पक्ष बदलून पाहिला. १९१२ मध्ये डु बॉइस आणि विल्यम ट्रॉटर यांनी डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना पाठिंबा दिला. १९१३ च्या उन्हाळ्यात विल्सन यांनी ॲडम पॅटरसन या कृष्णवर्णीय डेमोक्रॅटचे नाव खजिन्याच्या रजिस्ट्रारपदासाठी सुचवले. दक्षिणेतले सिनेटर खवळले आणि पॅटरसन यांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी टपाल आणि खजिना खात्यात टेबले, जेवणाच्या जागा, शौचालये वेगळी होऊ लागली. १९१४ पासून नोकरीच्या अर्जाला फोटो लावणे सक्तीचे झाले, म्हणजे गुणांच्या आधी कातडी दिसावी!

वाचकहो, याच उन्हाळ्यात, जुलै १९१३ मध्ये, भीमराव आंबेडकर नावाचा तरुण कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला उतरला होता. वेगळे पाणी, वेगळी बसायची जागा हे त्याला कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

१२ नोव्हेंबर १९१४ रोजी ट्रॉटर शिष्टमंडळ घेऊन विल्सन यांना भेटले आणि तोंडावर जाब विचारला. विल्सन यांना त्यांचा सूर खटकला. पुन्हा यायचे तर दुसरा प्रवक्ता आणा, असे त्यांनी सुनावले. मत देऊन झाले होते आणि हातात दुसरे काहीच नव्हते.

हातात काही असते तेव्हा काय होते? १९४१ मध्ये रेल्वेच्या हमालांचे कामगार पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी राजधानीवर विराट मोर्चा नेण्याचा इशारा दिला. मोर्चा निघण्याआधीच, २५ जूनला, युद्धसामग्रीच्या उद्योगांत आणि सरकारी नोकऱ्यांत वर्णभेदाला बंदी करणारा आदेश निघाला. त्याच्या देखरेख समितीवर रँडॉल्फ यांच्याच संघटनेचे मिल्टन वेबस्टर बसले. आधी संघटना, मग जागा. मंत्रिमंडळात पहिला कृष्णवर्णीय, रॉबर्ट वीव्हर, १९६६ मध्ये आला. मताधिकाराचा कायदा त्याआधी काहीच महिने, ऑगस्ट १९६५ मध्ये झाला होता. हा केवळ योगायोग आहे असे आम्हाला वाटत नाही.

आता आपल्याकडे या. बाबासाहेबही १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या मंडळात नेमणुकीनेच गेले, निवडून नव्हे. पण त्यांच्यामागे महाड होते, गोलमेज परिषद होती, १९३७ च्या निवडणुकीत लढलेला स्वतंत्र मजूर पक्ष होता. त्याच जुलैत नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे राहिले. खुर्चीवर बसताच त्यांनी समाजाच्या तक्रारींचे निवेदन सरकारपुढे ठेवले. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना ८⅓ टक्के आरक्षणाचा आदेश निघाला. आणि १९५१ मध्ये मंत्रिपद निरुपयोगी वाटले तेव्हा त्यांनी ते सोडून दिले. सोडता आले, कारण त्यांचे मोठेपण पदाने दिलेले नव्हते.

म्हणून बायोडाटा घेऊन निघालेल्या आमच्या भावाला आणि बहिणीला आमचे तीनच प्रश्न आहेत. तुमच्या मागे किती संघटित माणसे आहेत? त्या खुर्चीवरून समाजासाठी कोणता आदेश काढणार आहात? आणि वस्तीवर बुलडोझर आला, तर त्याच दिवशी राजीनामा खिशातून बाहेर निघेल का?

उत्तरे असतील तर जरूर जा, आम्ही सोबत येऊ. नसतील तर आधी वस्तीत परत या. मतदार नोंदणीचे काम अजून अर्धे बाकी आहे.

जय भीम!